ऑक्सिटोसिन : एका संप्रेरकाच्या लौकिकाचा इतिहास

१. विषयप्रवेश

विज्ञानाच्या इतिहासात काही द्रव्ये अशी आढळतात की, त्यांच्याविषयीचे ज्ञान जितक्या वेगाने वाढले त्याहून अधिक वेगाने त्यांचा लौकिक वाढला. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक या वर्गात मोडते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते गर्भाशयाचे आकुंचन घडवून आणणारे द्रव्य म्हणून परिचित झाले; शतकाच्या मध्यास रसायनशास्त्रज्ञांनी त्याची घटना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार केले; आणि शतक संपले न संपले तोच लोकप्रिय लेखनात त्यास 'प्रेमाचे संप्रेरक' ही पदवी बहाल झाली. पहिल्या दोन टप्प्यांत ज्ञान वाढले याविषयी दुमत नाही. तिसऱ्या टप्प्यात ज्ञान किती वाढले आणि नाव किती वाढले, हा प्रश्न मात्र विचारार्ह आहे.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाची ऐतिहासिक दृष्टीने मीमांसा करावयाची आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : ऑक्सिटोसिनविषयीच्या संशोधनाचा ११० वर्षांहून अधिक काळाचा क्रम पाहिला असता, जेव्हा जेव्हा संशोधकांनी जिव्हाळ्याचे कारण या द्रव्यात शोधले, तेव्हा तेव्हा पुराव्याने त्यांना द्रव्याकडून प्रसंगाकडे वळविले, म्हणजे ते द्रव्य कोणत्या वेळी, मेंदूच्या कोणत्या भागात, कोणत्या अनुभवाच्या संगतीत कार्य करते याकडे. या भेदाचा व्यवहाराशीही निकट संबंध आहे. प्रसूती व स्तन्यपान यांच्या रसायनातच वात्सल्याचे मूळ आहे असे एकदा मानले की, दत्तक मुलाची आई, जन्मतः आई गमावलेल्या मुलास वाढविणारी आजी, किंवा बाप, यांचे वात्सल्य दुय्यम ठरते. पुरावा असा निवाडा देतो काय, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

२. द्रव्याचा शोध

पोष ग्रंथीच्या अर्काने रक्तदाब वाढतो, हे ऑलिव्हर आणि शेफर यांनी १८९५ मध्ये दाखविले होते. त्यानंतर ११ वर्षांनी, १९०६ मध्ये, हेन्री डेल या तरुण इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने अरगट या बुरशीजन्य औषधाच्या परिणामांविषयी एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. निबंधाचा विषय अरगट हा होता; परंतु पोष ग्रंथीच्या पश्च खंडाचा अर्क टोचला असता मांजरीच्या गर्भाशयाचे जोरदार आकुंचन होते, ही नोंद त्यात प्रसंगोपात्त आली. पुढे ज्या द्रव्याचा इतका बोलबाला झाला, त्याचा शास्त्रीय वाङ्मयातील प्रवेश असा अन्य विषयाच्या ओघात झालेला आहे.

या नोंदीचा उपयोग वैद्यकाने त्वरेने करून घेतला. १९०९ मध्ये ब्लेअर-बेल याने हा अर्क प्रसूतिशास्त्रात वापरल्याचे प्रसिद्ध केले. १९१० मध्ये ऑट आणि स्कॉट यांनी याच अर्काने शेळीच्या सडांतून दूध बाहेर येते असे दाखविले. १९२८ मध्ये ऑलिव्हर कॅम व त्याचे सहकारी यांनी अर्काचे दोन भाग वेगळे केले : एक रक्तदाब वाढविणारा, दुसरा प्रसूतीस चालना देणारा. दुसऱ्या भागास शीघ्र प्रसव या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ऑक्सिटोसिन हे नाव रूढ झाले. नावातच केवळ एका कार्याचा निर्देश होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

न्यूयॉर्कमधील कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो याने या द्रव्याची घटना निश्चित केली, आणि १९५३ मध्ये ते कृत्रिम रीतीने तयार केल्याचे जाहीर केले. ९ ॲमिनो अम्लांची ती एक लहानशी साखळी असून, तिचा काही भाग गंधकाच्या दुव्याने वलयाकार झालेला असतो. कृत्रिम रीतीने तयार झालेले हे पहिले पॉलिपेप्टाइड संप्रेरक होय. या कार्याबद्दल द्यू व्हीन्यो यास १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तदाब वाढविणारे व मूत्रनियमन करणारे व्हॅसोप्रेसिन हे भावंड द्रव्यही त्याच घडणीचे असून, दोहोंत केवळ २ ॲमिनो अम्लांचा फरक आहे.

दरम्यान दुसरा एक मूलभूत प्रश्न सुटत होता. हे द्रव्य निर्माण कोठे होते? एर्न्स्ट शारर याने १९२८ मध्ये एका लहान माशाच्या मेंदूतील काही मज्जापेशी ग्रंथीप्रमाणे स्राव तयार करीत असाव्यात असे प्रतिपादन केले. मज्जापेशीने संदेश वाहावा आणि ग्रंथीने स्राव द्यावा, अशी कामाची वाटणी तेव्हाच्या शास्त्रज्ञांच्या मनात इतकी दृढ झाली होती की, शाररचे मत दीर्घकाळ संशयास्पद मानले गेले. १९४९ मध्ये वोल्फगांग बार्गमान याने एका विशिष्ट रंजनपद्धतीने अधोथॅलॅमसपासून पोष ग्रंथीच्या पश्च खंडापर्यंतचा स्रावाचा सलग मार्ग दाखविला, तेव्हा हा वाद मिटला. पोष ग्रंथीचा पश्च खंड हे ऑक्सिटोसिनचे कोठार असून त्याची निर्मिती मेंदूतच होते, हे सिद्ध झाले. आणि मनोव्यापारांशी त्याचा संबंध असू शकेल या विचारास प्रथमच शारीर आधार मिळाला.

३. पान्हा : एका शब्दातील शरीरक्रियाशास्त्र

दूध तयार होणे आणि दूध उतरणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, हा भेद शरीरक्रियाशास्त्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थिर झाला. मराठी भाषेत तो पूर्वीपासून आहे. संस्कृत 'प्रस्नव' शब्दापासून आलेला 'पान्हा' हा शब्द कासेत असलेले दूध सडांत उतरण्याच्या क्रियेसच लावला जातो. वासरू लुचू लागले की गाय पान्हवते. अनोळखी हात लागला, कुत्रे भुंकले किंवा वासरू दूर नेले की ती पान्हा चोरते. दूध कासेत असते, तरी येत नाही. 'वात्सल्य' या शब्दाचे मूळही 'वत्स' म्हणजे वासरू हेच आहे. भाषेने केलेल्या निरीक्षणास शास्त्रीय सिद्धान्ताचे मोल देता येणार नाही. परंतु ज्या घटकांचा विचार पुढे प्रयोगशाळेस करावा लागला, ते सर्व, म्हणजे स्पर्श, ओळख, भीती आणि वियोग, या शब्दाच्या वापरात एकत्र आलेले आहेत, एवढे मान्य करावे लागेल.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ईली आणि पीटरसन यांनी १९४१ मध्ये या क्रियेची प्रायोगिक उकल केली. त्यांनी गाईच्या अर्ध्या कासेच्या मज्जातंतूंचा संबंध तोडला. तरीही दूध दोन्ही अर्ध्या भागांत सारखेच उतरले. यावरून कासेस पोहोचणारा आदेश रक्तावाटे येतो हे स्पष्ट झाले. त्याच प्रयोगमालेत त्यांनी गाईस मुद्दाम भेडसावले, तेव्हा दूध उतरणे थांबले. ॲड्रेनॅलीन टोचल्यानेही तोच परिणाम झाला. १९४८ मध्ये नायल्स न्यूटन आणि मायकेल न्यूटन यांनी मानवी मातेतही दूध उतरण्याच्या क्रियेत मानसिक विक्षेपाने अडथळा येतो, आणि पोष ग्रंथीच्या अर्काने तो दूर होतो, असे दाखविले. १९७३ मध्ये वेकर्ली आणि लिंकन यांनी उंदरीच्या मेंदूतील या पेशींचे विद्युत्स्पंदन नोंदले. पिले सतत लुचत असतात. परंतु पेशी मात्र काही मिनिटांच्या अंतराने एकदम व एकत्रितपणे उसळतात, आणि त्यानंतर काही सेकंदांत दूध उतरते, असे त्यांना आढळले.

या पर्वाचे तात्पर्य असे की, अगदी दुधाच्या बाबतीतही ऑक्सिटोसिन हे यंत्राच्या खटक्याप्रमाणे वागत नाही. लुचणाऱ्या तोंडाची संवेदना, मेंदूची त्या क्षणीची अवस्था आणि भयाचा अभाव, या सर्वांच्या मेळातून ते स्रवते. कासेपुरते बोलावयाचे तर मात्र बाहेरून टोचलेले द्रव्य हा सारा प्रसंग ओलांडू शकते. भारतात दुभत्या जनावरांना ऑक्सिटोसिनची सुई टोचण्याचा गैरप्रकार याच तत्त्वावर चालत आला. तो थोपविण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशांतर्गत वापरासाठी या औषधाचे खाजगी उत्पादन बंद करून ते एका सरकारी कंपनीपुरते मर्यादित ठेवण्याची अधिसूचना काढली. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर हेच औषध जीवरक्षक असल्याने त्याच्या टंचाईची भीती उत्पन्न झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. सुईने दूध येते. त्यासाठी वासरू लागत नाही. प्रश्न असा की, जे कासेच्या बाबतीत खरे आहे ते जिव्हाळ्याच्या बाबतीतही खरे आहे काय?

४. दुसरा प्रवाह : वियोगाचा अभ्यास

ऑक्सिटोसिनच्या रसायनाची उकल होत असतानाच, त्याच्याशी कोणताही संबंध न ठेवता, बालकाच्या जिव्हाळ्याचा अभ्यास स्वतंत्रपणे वाढत होता. रेने स्पिट्झ याने १९४५ मध्ये संस्थांत वाढणाऱ्या अर्भकांच्या खालावलेल्या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांना अन्न व स्वच्छता यांची वाण नव्हती. वाण होती ती एका निश्चित माणसाच्या सहवासाची. जॉन बोल्बी याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी सिद्ध केलेला अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन याने रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवरील चित्रपट दाखविला. त्या काळी इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत आजारी मुलास भेटण्याची पालकांना फारच थोडी मुभा असे. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने ही प्रथा बदलण्याची शिफारस केली. एका सिद्धान्ताने इतक्या अल्पावधीत मुलांचे प्रत्यक्ष दुःख हलके केल्याची उदाहरणे मनोविज्ञानाच्या इतिहासात विरळा आहेत.

बोल्बीच्या पूर्वी प्रचलित असलेले मत असे होते की, मूल आईस बिलगते ते ती अन्न देते म्हणून. प्रेम हे भुकेच्या शमनातून उत्पन्न होणारे दुय्यम फळ होय. या मताची प्रायोगिक परीक्षा विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो याने केली, आणि १९५८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात ती मांडली. रीसस माकडांच्या पिलांपुढे दोन कृत्रिम माता ठेवण्यात आल्या, एक उघड्या तारेची व दुसरी मऊ कापडाने मढविलेली. दुधाची बाटली तारेच्या मातेस लावली असतानाही पिले दिवसाचा बहुतेक काळ कापडाच्या मातेस बिलगून राहिली. भय वाटताच तिच्याकडेच धावली. दूध आणि जिव्हाळा यांची फारकत या प्रयोगाने सिद्ध केली. अर्थात एकाकी वाढविलेल्या त्या पिलांना पुढे जन्मभर जे भोगावे लागले, त्यामुळे हे प्रयोग नीतिदृष्ट्या आक्षेपार्ह मानले जातात, आणि ते आक्षेप यथार्थ आहेत.

येथे इतिहासातील एक विलक्षण विरोधाभास नोंदविला पाहिजे. १९५८ मध्ये दूध हे प्रेमाचे कारण नव्हे असे ठरले. आणि पुढील तीन-चार दशकांतच दूध उतरविणारे संप्रेरक हेच प्रेमाचे कारण म्हणून पुढे आले. दुधाने जी जागा सोडली ती दुधाच्या संप्रेरकाने घेतली. हा बदल कसा घडला ते आता पाहू.

५. दोन प्रवाहांचा संगम

या संगमापूर्वीचा एक निष्कर्ष सहसा विस्मृतीत जातो, म्हणून तो आधी सांगतो. जे रोझेनब्लॅट याने १९६७ मध्ये असे दाखविले की, कधीही गर्भवती न झालेल्या उंदरी पिलांच्या सतत सहवासात ठेवल्या असता सुमारे आठवडाभरात त्यांना गोळा करू लागतात, चाटू लागतात, त्यांच्यावर पसरून त्यांना ऊब देऊ लागतात. ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरींत, एवढेच नव्हे तर नरांतही, हे वर्तन उत्पन्न झाले. म्हणजे वात्सल्याच्या वर्तनास प्रसूतीची संप्रेरके अपरिहार्य नाहीत. सहवास हेही त्याचे पुरेसे कारण आहे. दुसऱ्या बाजूने, १९६८ मध्ये टर्केल आणि रोझेनब्लॅट यांनी नुकत्याच व्यालेल्या उंदरीचे रक्तद्रव कुमारी उंदरींत घातले, तेव्हा हेच वर्तन अधिक लवकर दिसू लागले. संप्रेरके वर्तन शून्यातून निर्माण करीत नाहीत; सहवासाने जे आठवड्याने घडते ते घडण्यास लागणारा काळ ती कमी करतात, असा या दोन प्रयोगांचा एकत्रित अर्थ होतो.

१९७९ मध्ये पीडरसन आणि प्रँज यांनी ऑक्सिटोसिन थेट कुमारी उंदरींच्या मेंदूतील पोकळीत सोडले, आणि त्यांपैकी अनेक अल्पावधीत पिलांची काळजी घेऊ लागल्या. जिव्हाळ्याचे वर्तन व ऑक्सिटोसिन यांची गाठ प्रथम येथे पडली. परंतु हाच परिणाम काही प्रयोगशाळांत मिळाला, काहींत मिळाला नाही. पुढील तपासात असे दिसून आले की, उंदरीस आधी स्त्रीमदजनक संप्रेरक मिळालेले असणे, आणि ती ज्या पिंजऱ्यात ठेवली तो तिला कितपत नवखा आहे, यांवर परिणाम अवलंबून असतो. पिंजऱ्याचा नवखेपणा ही बाब क्षुल्लक वाटेल. वस्तुतः प्रसंगाचे महत्त्व येथेच प्रथम उघड झाले.

मेंढीच्या बाबतीत पुरावा अधिक नेमका आहे. मेंढी व्याल्यानंतर साधारणतः दोनेक तासांत स्वतःच्या कोकराचा वास ओळखू लागते, आणि त्यानंतर परक्या कोकरास हुसकावून लावते. कळपाने राहणाऱ्या प्राण्यात ही निवड आवश्यकच असते. १९८३ मध्ये केव्हर्न व त्याचे सहकारी यांनी असे दाखविले की, प्रसूतिमार्गाचे यांत्रिक उद्दीपन केल्यास मेंढी परके कोकरूही स्वीकारते. आणि १९८७ मध्ये केंड्रिक, केव्हर्न व बाल्डविन यांनी मेंदूत ऑक्सिटोसिन सोडून हेच वर्तन उत्पन्न केले. तथापि ऑक्सिटोसिनने स्वीकाराचे दार उघडले तरी, कोणते कोकरू आपले हे मेंढी वासानेच शिकते. द्रव्याने काळ ठरविला. नाते अनुभवाने ठरविले.

६. प्रेअरीतील साक्षीदार

ऑक्सिटोसिनचा आजचा लौकिक मुख्यत्वे व्होल नावाच्या, उंदराहून किंचित स्थूल अशा एका कृंतक प्राण्यामुळे झाला. इलिनॉय विद्यापीठातील लोवेल गेट्झ हा १९७० नंतरच्या दशकात गवताळ प्रदेशातील व्होलांची संख्या मोजण्यासाठी सापळे लावीत असे. प्रेअरी व्होल या जातीचे तेच ते नर-मादी वारंवार एकाच सापळ्यात सापडतात, हे त्याच्या ध्यानी आले. सू कार्टर हिच्या सहकार्याने या जोडीचा पुढे सखोल अभ्यास झाला. प्रेअरी व्होल जोडीने राहतात, नरही पिलांची निगा राखतो. उलट त्याच गणातील मेडो व्होल व माँटेन व्होल या जाती अशा जोड्या बांधीत नाहीत. इतक्या निकटच्या जातींत इतका भिन्न संसार, हे तुलनेसाठी अपूर्व साधन होते.

१९९२ मध्ये टॉमस इन्सेल आणि लॉरेन्स शपीरो यांनी या जातींच्या मेंदूंची तुलना केली. फरक आढळला तो ऑक्सिटोसिनच्या ग्राहींच्या मांडणीत. सुखानुभवाशी निगडित अशा मेंदूच्या एका केंद्रात प्रेअरी व्होलमध्ये हे ग्राही दाट, तर माँटेन व्होलमध्ये विरळ होते. १९९३ मध्ये नरांच्या बाबतीत व्हॅसोप्रेसिनचे महत्त्व दिसून आले. त्यानंतरच्या प्रयोगांत मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडल्यास समागमाविनाही जोडीदाराची पसंती दृढ होते, आणि त्याचा मार्ग रोधणारे औषध दिल्यास ती होत नाही, असे आढळले. २००४ मध्ये लिम, यंग व सहकारी यांनी व्हॅसोप्रेसिनच्या ग्राहीचे जनुक मेडो व्होलच्या अग्रमेंदूतील एका ठराविक भागात घातले, आणि एरवी भटक्या असलेल्या त्या नरास विशिष्ट मादीची पसंती उत्पन्न झाली.

हे संशोधन उच्च कोटीचे आहे, यात शंका नाही. परंतु ते काय सांगते हे नीट वाचले पाहिजे. भेद द्रव्यात नसून ग्राहींच्या जागेत आहे. द्रव्य सर्व जातींत तेच आहे. ते डोपामीन या दुसऱ्या द्रव्याच्या जोडीने, विशिष्ट सोबत्याच्या वासाशी व स्पर्शाशी सुखाचा अनुभव निगडित करण्यास साहाय्य करते. शिवाय ज्यास जोडीदाराची निष्ठा म्हटले गेले ती सहवासाची निष्ठा आहे, समागमाची नव्हे. प्रेअरी व्होलांची पिले कित्येकदा अन्य नराचीही असतात. या सूक्ष्म मर्यादा संशोधकांच्या निबंधांत होत्या. नियतकालिकांपर्यंत येता येता त्या गळून पडल्या.

७. फवारा आणि विश्वास

रक्तातील ऑक्सिटोसिन मेंदूत सहजासहजी प्रवेश करीत नाही; म्हणून मानवावरील प्रयोगांत नाकात फवारा मारण्याची पद्धत अवलंबिली गेली. २००५ मध्ये झुरिक येथील कोसफेल्ड, फेर व सहकारी यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात पुरुष विद्यार्थ्यांना एक खेळ खेळावयास दिला होता : स्वतःजवळचे पैसे अनोळखी माणसाकडे सोपवावयाचे, ते तिप्पट होणार, परंतु परत देणे न देणे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर. ऑक्सिटोसिनचा फवारा घेतलेल्या २९ जणांपैकी १३ जणांनी सर्व पैसे सोपविले. औषधहीन फवारा घेतलेल्या २९ पैकी ६ जणांनी. या निष्कर्षाची प्रसिद्धी अफाट झाली. २०१२ मध्ये पॉल झॅक याने या द्रव्यास 'नैतिक रेणू' असे नाव देऊन त्यावर ग्रंथ लिहिला.

पुढील दशकात चित्र पालटले. २०१० मध्ये द द्रू व सहकारी यांनी असे दाखविले की, ऑक्सिटोसिनने वाढणारा सहकारभाव आपल्या गटापुरता असू शकतो. त्यात परक्याविषयीचे औदार्य येतेच असे नाही. २०१५ मध्ये नेव्ह, कॅमरर व मॅकलो यांनी उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेऊन विश्वासावरील परिणाम भरवशाने सिद्ध होत नाही असा निष्कर्ष काढला. २०१६ मध्ये बेल्जियममधील एका प्रयोगशाळेने आपले अप्रकाशित, निष्फळ प्रयोगही स्वतःहून प्रसिद्ध केले, आणि केवळ यशस्वी प्रयोग छापले गेल्याने वाङ्मय कसे एकांगी होते ते दाखविले. ही प्रांजळता अनुकरणीय आहे. २०२० मध्ये ६०० हून अधिक व्यक्तींवर, पद्धती आधी नोंदवून, विश्वासाच्या खेळाचा पुनःप्रयोग झाला. त्यात अपेक्षित परिणाम आढळला नाही. मूळ निबंधाच्या लेखकांपैकी फेर हा या पुनःप्रयोगाच्या लेखकांतही होता, हे त्याच्या शास्त्रनिष्ठेचे द्योतक होय.

या वादाची किंमत केवळ शास्त्रज्ञांच्या प्रतिष्ठेत मोजून चालणार नाही. स्वमग्न मुलांच्या पालकांनी या फवाऱ्यावर मोठी आशा ठेवली होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३ ते १७ वर्षे वयाच्या २९० मुलांना २४ आठवडे ऑक्सिटोसिन किंवा औषधहीन फवारा देण्यात आला. सामाजिक वर्तनात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. एका शब्दप्रयोगाने जागविलेली आशा मुलांच्या घराघरांत जाऊन मावळली, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासकाराने दुर्लक्षू नये.

८. अभावाची साक्ष

एखादे द्रव्य एखाद्या व्यापाराचे कारण आहे काय हे पाहण्याचा सर्वांत कठोर मार्ग म्हणजे ते काढून टाकून पाहणे. १९९६ मध्ये निशिमोरी व सहकारी यांनी ऑक्सिटोसिनचे जनुकच नसलेले उंदीर निर्माण केले. ज्या कार्यावरून या द्रव्यास शीघ्र प्रसवाचे नाव मिळाले, ते प्रसवकार्य या उंदरींत सुरळीत पार पडले. त्यांनी पिलांची निगाही राखली. केवळ एकच गोष्ट झाली नाही : दूध उतरले नाही, आणि पिले जगली नाहीत. ऑक्सिटोसिन टोचल्यावर दूध उतरले. पान्हा हेच तेवढे कार्य या द्रव्यावाचून अडले. २००० मध्ये असे आढळले की, या उंदरांना एकदा भेटलेला सोबती पुन्हा भेटल्यास ओळखता येत नाही. म्हणजे सामाजिक स्मृतीशी या द्रव्याचा संबंध आहे.

खुद्द प्रेअरी व्होलवर अशी परीक्षा २०२३ मध्ये झाली. ऑक्सिटोसिनचा ग्राही ज्यांच्यात कार्यक्षम नाही असे व्होल कॅलिफोर्नियातील संशोधकांनी निर्माण केले. त्यांनीही जोडी बांधली, आणि पिलांची काळजी घेतली. माद्यांनी पिलांना जन्म दिला व दूधही पाजले, मात्र तगलेल्या पिलांची संख्या कमी होती. तीस वर्षांच्या संशोधनाचा जो मुख्य साक्षीदार, त्यानेच अशी साक्ष द्यावी, हे आश्चर्यकारक आहे. यावरून पूर्वीचे प्रयोग खोटे ठरतात असे मात्र नाही. जन्मापासून ग्राही नसेल तर वाढत्या मेंदूत अन्य मार्ग त्याची उणीव भरून काढीत असावेत, हा अर्थ संभवनीय आहे. परंतु तो स्वीकारला तरी मूळ मुद्दा अधिकच दृढ होतो : जिव्हाळा हा प्राण्याच्या जीवनात इतका मोलाचा व्यापार आहे की, निसर्गाने तो एकाच द्रव्याच्या हवाली केलेला नाही.

९. उपसंहार

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, नामकरणाविषयीची. 'शीघ्र प्रसव' हे नाव एका कार्यावरून पडले, आणि ते कार्य अपरिहार्य नाही असे ९० वर्षांनी उंदरीने दाखविले. 'प्रेमाचे संप्रेरक' हे दुसरे नाव तर पुराव्याच्या आधीच पुढे धावले. नाव हे संशोधनाचे साधन आहे तसेच त्याचे बंधनही आहे. प्रयोगकर्ता काय शोधतो आणि संपादक काय छापतो, हे दोन्ही त्यावरून ठरू लागते.

दुसरी गोष्ट पद्धतीविषयीची. ईली व पीटरसन यांची भ्यालेली गाय, पीडरसनच्या उंदरींचा नवखा पिंजरा, मेंढीचे दोन तास, व्होलमधील ग्राहींची जागा, या साऱ्यांत एकच सूत्र आहे. ऑक्सिटोसिनचा परिणाम विचारताना 'कोणावर, केव्हा, कोठे आणि कोणाच्या संगतीत' हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. फवाऱ्याच्या प्रयोगांनी हे प्रश्न बाजूस ठेवून केवळ द्रव्य उचलले, आणि त्यांचे निष्कर्ष टिकले नाहीत.

तिसरी गोष्ट आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाची. सुईने वासराची जागा घेता येते ती कासेपुरती. वात्सल्याचा मार्ग प्रसूतीच्या रसायनावाटे जातो, तसाच तो सहवासावाटेही जातो. रोझेनब्लॅटच्या उंदरींना, आणि नरांनाही, एक आठवडा लागला, परंतु वाट तीच होती. ज्या बाईने मुलास जन्म दिला नाही, पण रात्रीअपरात्री उठून त्यास उराशी धरले, तिचे मातृत्व उसने आहे असे म्हणण्यास या सर्व संशोधनात कोठेही आधार सापडत नाही. स्पिट्झने पाहिलेल्या अर्भकांना जी वाण होती, ती कोणत्याही द्रव्याची नसून रोज परत येणाऱ्या एका माणसाची होती. ऑक्सिटोसिनच्या अभ्यासाने त्या माणसाचे स्थान कमी झालेले नाही. त्याच्या येण्याने बालकाच्या व त्याच्या स्वतःच्या मेंदूत काय घडते, याचा एक अंश मात्र आपणांस कळला आहे. तेवढे श्रेय या संप्रेरकाच्या इतिहासास निःशंकपणे द्यावे, आणि त्याहून अधिक पुराव्यावाचून देऊ नये.